नाकाच्या उंचीवरचा धूर

वाहनांच्या धुराचा विषय निघाला की थोड्याच वेळात टक्केवारी पुढे येते. शहरात हवेत सोडल्या जाणाऱ्या सूक्ष्म कणांपैकी वाहनांचे किती, रस्त्यावरच्या धुळीचे किती, कारखान्यांचे, चुलींचे, जाळलेल्या कचऱ्याचे किती, याचे तक्ते मांडले जातात. वाहनांचा वाटा चौथा-पाचवा हिस्सा निघाला की चर्चा तिथेच थांबते: मोठा दोष दुसऱ्याचा आहे, आधी त्याला आवरा. हे तक्ते खोटे नसतात. पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर देतात तो आरोग्याचा प्रश्न नव्हे. हवेत किती घाण सोडली गेली हे त्यांतून कळतं. त्यातली किती माणसांच्या छातीत गेली हे कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाहनाचा धूर जिथे श्वासात जातो तिथे मोजला पाहिजे, आणि नियम, कर, रस्त्यांची आखणी, शाळांच्या जागा हे सगळं त्या मोजणीवरून ठरलं पाहिजे. आज ते ठरतं प्रयोगशाळेतल्या प्रमाणपत्रावरून, शहरभराच्या सरासरीवरून आणि काळा धूर डोळ्यांना दिसतो की नाही यावरून. या तिन्ही गोष्टींनी जगाला वारंवार फसवलं आहे.

वीजकेंद्राचं धुरांडं दीडशे-दोनशे मीटर उंच असतं. त्यातून निघालेला गरम वायू आणखी वर चढतो, वाऱ्यात पसरतो आणि जमिनीवर उतरेपर्यंत विरळ होतो. तेवढ्याने तो निरुपद्रवी होत नाही, पण नाकापर्यंत पोचायला त्याला लांबचा प्रवास करावा लागतो. गाडीचा धूर जमिनीपासून हातभर उंचीवर बाहेर पडतो, आणि तोही नेमका गर्दीत: चौकात, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकापाशी, दुकानांच्या ओळीसमोर. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या रस्त्यावर वारा वरच्या वर निघून जातो आणि खालची हवा तिथल्या तिथे घुसळत राहते. म्हणून एक किलो काजळी दूरच्या उंच धुरांड्यातून निघाली आणि तेवढीच भरवस्तीतल्या रस्त्यावर निघाली, तर रस्त्यावरच्या काजळीचा कित्येक पट अधिक भाग माणसांच्या श्वासात जातो. वायुप्रदूषणाचे अभ्यासक श्वासात जाणारा हा अंश वेगळा काढतात. धोरण आखताना मात्र तो बहुधा बाजूला राहतो आणि टनांचीच बेरीज चालते.

उंचीचा आणखी एक हिशेब आहे. उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचं नाक जमिनीपासून दीड मीटरवर असतं. चालायला लागलेल्या किंवा बाबागाडीत बसलेल्या मुलाचं नाक मीटरभराच्या आत, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या नळीच्या कितीतरी जवळ असतं. मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं, आणि त्याची फुप्फुसं अजून घडत असतात. ही वाढ विशीच्या उंबरठ्यापर्यंत चालते. ज्याने गाडी घेतलेली नाही, जो ती चालवत नाही, ज्याला यातलं काही ठरवण्याचा अधिकारही नाही, त्याच्या वाट्याला सर्वांत दाट धूर येतो. त्यामुळे हा प्रश्न मला तांत्रिक वाटण्याच्या आधी अन्यायाचा वाटतो.

या धुरात असतं काय? पेट्रोल आणि डिझेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. सगळं आदर्श रीतीने जळालं तर नळीतून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड एवढंच निघेल. हा कार्बन डायऑक्साइडही थोडाथोडका नसतो. पाऊण किलो वजनाचं एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण प्रत्येक कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो. एक लिटर डिझेलचा आकडा २.६ किलोच्या पुढे जातो. टाकीत भरलेल्या इंधनाच्या तिपटीहून जास्त वजनाचा वायू मागे सोडत आपण पुढे जातो, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते.

इंजिनाच्या आत काही आदर्श घडत नाही. सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात ठिणगी पडते, स्फोट होतो, धूर बाहेर ढकलला जातो. जिथे ऑक्सिजन कमी पडला तिथे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन उरतात, त्यांत रक्ताचा कर्करोग घडवणारं बेंझीन असतं, आणि डिझेलच्या बाबतीत काजळीचे कण बनतात. म्हणून इंजिन नीट ट्यून करा, इंधन पूर्ण जळू द्या, की धूर गेला, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. इंधन जितकं कडक आणि पूर्ण जळतं तितकं सिलिंडरमधलं तापमान वाढतं, आणि त्या आचेत हवेतलाच नायट्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो. नायट्रोजनचे ऑक्साइड असे तयार होतात. इंधनात दोष नसतानाही ते होतात, कारण त्यांचा कच्चा माल इंधनात नसतोच, तो साध्या हवेत असतो. डिझेल इंजिनाच्या अभियंत्यांना ही ओढाताण चांगली ठाऊक आहे: काजळी कमी करायला जावं तर नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, ते दाबायला जावं तर काजळी वाढते. दोन्ही एकदम कमी करायचं तर इंजिनामागे महागडी शुद्धीकरण यंत्रणा लावावी लागते. पुढे सांगणार आहे त्या मोठ्या फसवणुकीचं बीज याच ओढाताणीत होतं.

आता डोळ्यांना दिसणाऱ्या धुराबद्दल. जुना ट्रक काळाकुट्ट धूर ओकत गेला की सगळे नाक दाबतात. तो घातक आहेच. पण धूर दिसेनासा झाला की धोका संपला ही समजूत त्याहून जास्त घातक आहे, कारण ती आपल्याला निर्धास्त करते. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण. केसाची जाडी साधारण ७० मायक्रोमीटर धरली तर त्याच्या पंचवीस-तिसाव्या भागाएवढे. इंजिनातून निघणारे बहुतेक कण याहूनही कितीतरी लहान, ०.१ मायक्रोमीटरच्या आतले असतात. त्यांचं वजन जवळपास नगण्य, संख्या मात्र अफाट. वजन मोजणाऱ्या यंत्राला ते फारसे जाणवत नाहीत, पण फुप्फुसाच्या तळाच्या वायुकोशांपर्यंत तेच जाऊन पोचतात आणि त्यांतले काही तिथून रक्तात उतरतात. युरोपने २०११ पासून डिझेल गाड्यांच्या कणांचं वजन करण्याबरोबर त्यांची संख्याही मोजायला सुरुवात केली, ती यामुळेच. तिथेही २३ नॅनोमीटरपेक्षा (०.०२३ मायक्रोमीटरपेक्षा) लहान कण मोजणीच्या बाहेर ठेवले होते. शरीर त्यांना बाहेर ठेवत नाही.

शरीरात गेल्यावर काय होतं, यातलं बरंच आता निर्विवाद आहे. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो आणि हृदयाच्या रुग्णाला मिळणारा ऑक्सिजन कमी करतो. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांना सूज आणतो आणि दम्याचा झटका जवळ आणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकलं. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींचा हा गट, तंबाखू आणि अॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. पण हवेच्या प्रदूषणाचा सर्वांत मोठा घाव फुप्फुसांवर बसतो हा समज दुरुस्त करायला हवा. आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घराबाहेरच्या प्रदूषित हवेमुळे २०१९ मध्ये जगात ४२ लाख अकाली मृत्यू झाले आणि त्यांपैकी सुमारे ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघाताचे होते. सूक्ष्म कण रक्तवाहिन्यांत दाह निर्माण करतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात. खोकला येत नाही म्हणून आपल्याला काही होत नाही, असं मानणाऱ्या धडधाकट माणसाने हा आकडा नीट वाचावा. हे सगळे मृत्यू वाहनांच्या धुराचे नव्हेत, हेही तितकंच स्पष्ट आहे. पण त्या हवेत वाहनांचा धूर आहे, आणि तो माणसाच्या सर्वांत जवळ आहे.

सरासरीपेक्षा जवळीक कशी महत्त्वाची आहे, याची तीन उदाहरणं देतो, कारण माझ्या म्हणण्याचा खरा आधार तोच आहे.

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खासगी गाड्यांना बंदी असून फक्त डिझेलच्या बस आणि टॅक्सी धावत, त्या काळात दम्याच्या ६० रुग्णांना एकदा त्या रस्त्यावर दोन तास चालायला लावलं आणि दुसऱ्या एका वेळी तेवढाच वेळ जवळच्या हाइड पार्कमध्ये. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शहर तेच. तरी रस्त्यावर चालल्यानंतर त्यांची श्वासाची क्षमता बागेतल्यापेक्षा जास्त घसरली आणि श्वसनमार्गातल्या दाहाच्या खुणाही वाढल्या. दोन ठिकाणांमधलं अंतर चालत जाण्याएवढं आहे.

दुसरं उदाहरण दक्षिण कॅलिफोर्नियाचं. तिथे १९९० च्या दशकात हजारो शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची वाढ वर्षानुवर्षं मोजली गेली. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ दीड किलोमीटरच्या पलीकडे राहणाऱ्यांपेक्षा कमी भरली. गावाची एकूण हवा चांगली असली तरी महामार्गालगतच्या मुलांचं हे नुकसान टळत नव्हतं. पुढे नियम कडक होत गेले, तिथली हवा सुधारली, आणि त्याच भागातल्या नंतरच्या मुलांच्या तुकड्या तपासल्या गेल्या. पंधराव्या वर्षी श्वासाची क्षमता धोक्याच्या पातळीखाली असलेल्या मुलांचं प्रमाण पहिल्या तुकडीत ७.९ टक्के होतं, ते शेवटच्या तुकडीत ३.६ टक्क्यांवर आलं. हा निष्कर्ष २०१५ मध्ये आला. प्रदूषणावरच्या लिखाणात निराशा फार असते, म्हणून हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. धूर कमी केला तर मुलांची छाती खरोखर भरते, आणि ते एका पिढीच्या आत मोजता येतं.

तिसरं उदाहरण टोलनाक्यांचं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया राज्यांत नाक्यावर न थांबता आपोआप टोल कापला जाणारी पद्धत आली. गाड्यांच्या रांगा संपल्या, थांबणं, रेस करणं, पुन्हा थांबणं संपलं. ही योजना आरोग्यासाठी आखलेली नव्हती. पण अर्थशास्त्रज्ञांनी जन्माच्या नोंदी तपासल्या तेव्हा नाक्यांपासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांमध्ये मुदतपूर्व प्रसूती आणि कमी वजनाची बाळं यांचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त घटलेलं आढळलं. महामार्गाच्या जवळ पण नाक्यापासून दूर राहणाऱ्यांशी ही तुलना होती. रांगेत उभ्या गाड्यांचा धूर पोटातल्या बाळापर्यंत पोचतो, हे यापेक्षा थेट कसं सांगणार?

आता या धुराचं आयुष्य रस्त्यावर संपत नाही, आणि इथे गाडी नसलेल्यांवरचा अन्याय आणखी रुंदावतो. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारं तपकिरी धुकं उतरू लागलं, तेव्हा कारखाने आणि तेलशुद्धीकरण केंद्रं यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि या दोन्हींचा मोठा झरा मोटारी आहेत. म्हणजे जे विष नळीतून बाहेर पडतच नाही, ते वाटेत उन्हात शिजतं. वाऱ्याबरोबर ते शहराबाहेर जातं. शहराच्या गजबजलेल्या रस्त्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेच्या ग्रामीण भागात ओझोन जास्त आढळतो, हे विचित्र वाटलं तरी नेहमीचं आहे, कारण रस्त्यावर ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. पानांच्या रंध्रांतून हा ओझोन आत शिरतो आणि पेशी जाळतो. गहू आणि सोयाबीन ही पिकं त्याला विशेष बळी पडतात. शेतकऱ्याला रोग दिसत नाही, कीड दिसत नाही, फक्त उतारा कमी येतो. त्या नुकसानाची भरपाई कोण मागणार आणि कोणाकडे?

नायट्रोजन ऑक्साइडांपासून हवेत नायट्रिक आम्ल होतं, ते पावसाबरोबर तळ्यांत आणि जंगलांत उतरतं. काळी काजळी बर्फावर बसली की बर्फ ऊन परतवायच्या ऐवजी शोषून घेतो आणि लवकर वितळतो. कार्बन डायऑक्साइडबद्दल वेगळं सांगायला नको.

एवढं सगळं ठाऊक असताना बदल इतके हळू का होतात? माझं उत्तर असं की पुरावा देण्याचं ओझं नेहमी श्वास घेणाऱ्यावर टाकलं गेलं, धूर सोडणाऱ्यावर नाही. शिशाच्या पेट्रोलचा इतिहास पाहा. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना सापडलं की टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग पेट्रोलमध्ये मिसळलं की इंजिनाचं ठोकणं, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारा खडखडाट, थांबतं. शिसं विष आहे हे तेव्हा नवीन नव्हतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, तडफडून मेले. थोडा काळ विक्री थांबली, परिषद भरली, आणि सामान्य लोकांना अपाय होतो हे सिद्ध झालेलं नाही असं सांगत विक्री पुन्हा सुरू झाली. पृथ्वीचं वय ठरवणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांना आपल्या प्रयोगशाळेत सगळीकडे शिसं सापडू लागलं, आणि त्यांनी १९६५ मध्ये ठामपणे मांडलं की माणसाच्या शरीरातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढलं आहे. तरीही वाद चालूच राहिला. शेवटी अमेरिकेत शिसं कमी होऊ लागलं त्याला एक कारण निव्वळ यांत्रिक होतं: १९७५ पासून गाड्यांना बसवलेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारी उपकरणं, शिशाने निकामी होत. त्यानंतर १९७६ ते १९८० या काळात तिथल्या लोकांच्या रक्तातलं शिसं सरासरी ३७ टक्क्यांनी घटलं, पेट्रोलमधलं शिसं घटलं त्याच्या पावलावर पाऊल टाकून. मोटारींसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. शोधापासून बरोबर शंभर वर्षांनी. या शंभर वर्षांत किती मुलांच्या बुद्धीवर शिशाची छाया पडली असेल याचा विचार केला की संताप येतो, आणि तो संताप मला योग्य वाटतो.

दुसरी गोष्ट युरोपच्या डिझेलची. हवामानबदल रोखायचा म्हणून कार्बन डायऑक्साइड हा एकच आकडा समोर ठेवला गेला. डिझेल गाडी तितक्याच अंतराला कमी कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणून अनेक सरकारांनी कर कमी ठेवून तिला उत्तेजन दिलं. एक काळ असा आला की पश्चिम युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. कागदावर प्रत्येक नव्या नियमाबरोबर नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा खाली येत होती. रस्त्याकडेची यंत्रं मात्र सांगत होती की हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड त्या प्रमाणात उतरत नाही. दोघांत खरं कोण, याचा उलगडा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने केला. त्यांनी मोजणीचं यंत्र गाडीतच बसवलं आणि ती प्रयोगशाळेऐवजी खऱ्या रस्त्यांवर चालवली. त्यातून निघालेल्या धाग्याचा शेवट सप्टेंबर २०१५ मध्ये झाला: फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये चाचणी चालू आहे हे ओळखणारी संगणकप्रणाली होती. चाचणीत धूर आवरायचा, रस्त्यावर सोडून द्यायचा. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या आणि काही प्रसंगी त्या मर्यादेच्या ४० पटीपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. ती लबाडी होतीच. पण मला त्याहून महत्त्वाचं हे वाटतं की प्रमाणपत्राच्या चाचणीत ती लबाडी वर्षानुवर्षं टिकली आणि रस्त्यावरच्या मोजणीत उघडी पडली. त्यानंतर २०१७ पासून युरोपने नव्या गाड्यांना खऱ्या रस्त्यावरची चाचणी बंधनकारक केली.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप पर्यावरणवाद्यांच्या विरोधकांकडून येत नाही, तो गरिबांच्या बाजूने येतो आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. जुनी गाडी बहुधा ज्याच्याकडे कमी पैसे आहेत त्याच्याकडे असते. तिच्यावर बंदी घातली तर त्याची रोजी बुडेल. नवी गाडी घेऊ शकणारा मात्र शहरभर हिंडत राहील. हा आक्षेप खरा आहे. पण याच गरीब माणसाचं घर रस्त्याच्या कडेला असतं, कारण तिथली जागा स्वस्त असते. त्याची मुलं धुरात वाढतात. त्याच्या नावाने धूर चालू ठेवणं म्हणजे त्याच्याच मुलांच्या छातीवर सवलत देणं. सुरुवात खासगी जुन्या दुचाकीपासून करण्याची काही गरज नाही. जी वाहनं दिवसभर धावतात, ज्यांचे मालक मोठे आहेत, म्हणजे ट्रकांचे ताफे, बस, मालाची घरपोच ने-आण करणाऱ्या गाड्या, त्यांच्यापासून सुरू करावं. एक डिझेल ट्रक दिवसभरात जे सोडतो ते आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या मोटारीशी तोलता येणार नाही. शिवाय सगळ्या गाड्या सारख्याच दोषी नसतात; बिघडलेल्या किंवा फिल्टर काढून टाकलेल्या थोड्या गाड्यांचा एकूण धुरात मोठा वाटा असतो. रस्त्याकडेला किरण सोडून जाता जाता धूर तपासणारी उपकरणं कित्येक दशकांपासून अस्तित्वात आहेत. ती वापरली तर ठरावीक दिवशी तपासणी केंद्रात गाडी नेऊन शिक्का मारून घेण्याच्या सोपस्काराची गरज निम्मी कमी होईल आणि प्रामाणिकपणे गाडी राखणाऱ्याला त्रासही होणार नाही.

अंतराचा उपाय तर जवळजवळ फुकट आहे, आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो. मोठ्या महामार्गालगत मोजणी केली असता अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण पहिल्या शंभर-दीडशे मीटरांत झपाट्याने उतरतं आणि ३०० मीटरच्या आसपास आजूबाजूच्या हवेइतकं होतं, असं लॉस एंजेलिसमधल्या अभ्यासात दिसलं. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये कायदाच केला की महामार्गापासून ५०० फुटांच्या आत, काही अपवाद वगळता, नवी सरकारी शाळा बांधायची नाही. नवी शाळा, पाळणाघर, प्रसूतिगृह कुठे असावं हे ठरवताना एवढी एक अट घालायला कुठलं तंत्रज्ञान लागतं? जिथे शाळा आधीच रस्त्याला लागून आहे तिथे मुलांचं फाटक मागच्या गल्लीत काढता येतं, शाळेच्या वेळेत समोरचा रस्ता गाड्यांना बंद ठेवता येतो, थांबलेल्या गाडीचं इंजिन बंद करण्याची सक्ती करता येते. इंजिन थंड असताना पहिल्या काही मिनिटांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसा तापलेला नसतो आणि विषारी वायू जवळपास गाळले न जाताच बाहेर पडतात. मुलाला शाळेत सोडायला काढलेली एक-दोन किलोमीटरची फेरी म्हणजे जवळपास अख्खी त्याच काळातली फेरी. आपल्या मुलाची काळजी म्हणून केलेली ती फेरी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या सगळ्या मुलांच्या श्वासात जाते.

विजेच्या गाड्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: भरवस्तीतून इंजिनाचा धूर नाहीसा करण्याचा तो खरा मार्ग आहे, आणि वीज कोळशापासून होते म्हणून काही फरक पडत नाही हा युक्तिवाद श्वासात जाणाऱ्या अंशाचा विचार न केल्यामुळे केला जातो. मात्र वीजकेंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांवर तो भार ढकलून शहरांनी स्वच्छ म्हणवून घेणंही मला मान्य नाही. गाड्या आणि वीज दोन्ही एकदम बदलावी लागतील. आणि धूर गेला तरी ब्रेक आणि टायर झिजतच राहणार. टायरमधल्या एका रसायनापासून बनणारं संयुग पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरून अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे कोहो जातीचे सॅमन मासे मारत होतं, हे २०२० च्या अखेरीस उघड झालं. वजनदार गाडीचे टायर जास्त झिजतात, मग ती कशावरही चालो. म्हणजे शेवटी गाड्यांची संख्या आणि त्यांचं वजन हे दोन्ही विषय टाळता येत नाहीत. चांगली, वारंवार येणारी, परवडणारी बस आणि सुरक्षित पदपथ हे आरोग्यखात्याचे विषय आहेत, असं मी मानतो.

लोक हे स्वीकारतील का, असं विचारलं जातं. स्टॉकहोमने २००६ च्या जानेवारी ते जुलै या काळात शहरात येणाऱ्या गाड्यांवर गर्दीकर लावून पाहिला. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते. कर लागला, सीमेवरून येणारी-जाणारी वाहतूक सुमारे पाचव्या हिश्शाने घटली, रस्ते मोकळे झाले. जुलैअखेर प्रयोग संपला तशा गाड्या पुन्हा वाढल्या, आणि लोकांना दोन्ही स्थिती शेजारी शेजारी ठेवून पाहता आल्या. सप्टेंबरमध्ये झालेल्या सार्वमतात शहरातल्या बहुमताने कराच्या बाजूने कौल दिला. २००७ पासून तो कायम झाला. पुढच्या काही वर्षांत तिथल्या लहान मुलांच्या दम्याच्या तीव्र झटक्यांसाठी होणाऱ्या दवाखान्याच्या फेऱ्या घटल्याचं संशोधकांनी नोंदवलं. माझी मागणी यापेक्षा मोठी नाही. कुठल्याही शहराने एक गजबजलेला रस्ता निवडावा, मुलांच्या नाकाच्या उंचीवर मोजणीयंत्रं बसवावीत, तिथून सहा महिने धूर हटवून पाहावा, रोजचे आकडे तिथल्याच फलकावर लावावेत आणि मग त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना विचारावं.